मच्छिंद्रची खांदेमळण

"नरहरराव, ही गाडी हाय का पिपाणी?"

मच्छिंद्रनं हे असं मोक्यावर फेकलं, की आदिनाथच्या गिरणीपुढं दळणाचे डबे घेऊन उभी असलेली सगळी गल्ली फस्सकन हसली. नरहरराव हापिसातून येऊन मोटारसायकल लावत होते. त्यांच्या चेनीनं गल्लीच्या तोंडापासून कर्र-कुई, कर्र-कुई असा जो सूर धरला होता, तो बराबर हशावर येऊन थांबला.

नरहरराव एका बियाण्याच्या कंपनीत कामाला. पाकिटावर जो बारीक मजकूर छापतात ना, किती खोल पेरा, किती अंतर ठेवा, तो तपासायचं त्यांचं काम. त्यामुळं जगात प्रत्येक गोष्टीच्या सूचना कुठंतरी लिहिलेल्या असतात आणि त्या वाचल्या की काम होतं, यावर त्यांचा लई विश्वास.

"चेन साफ करायची राहिलीय," ते म्हणाले. "या रविवारी मीच करणार आहे."

"तुम्ही?" मच्छिंद्र म्हणाला. "पेनात कांडी टाकायची म्हणलं तरी वहिनीला हाक मारता तुम्ही!"

"ते मात्र खरं आहे," गव्हाच्या डब्यामागून तारावहिनी म्हणाल्या. त्या नरहररावच्या बायको. झालं! नवऱ्याचे कान लाल झाले.

"मोबाईलवर सगळं दाखवतात. साफ करायची, पुसायची, तेल मारायचं. मेकॅनिकचं तोंड न बघता करून दाखवतो. लावता पैज?"

मच्छिंद्रला पैज म्हणलं की अंगात गुदगुल्या व्हायच्या. वय पन्नास, मोंढ्यात, म्हंजी धान्याच्या बाजारात, काट्यावर तोलाईचं काम, आणि त्याच्या आधी स्टेशनजवळच्या गॅरेजात आठ वर्षं पाने उचललेले. पण खरा धंदा म्हणाल तर गल्लीची फिरकी घेणं. भर दुपारी "नळ आले!" म्हणून बोंबलायचा. बायका बादल्या घेऊन, पुरुष मोटारीच्या वायरी घेऊन, एक म्हातारा तर तोंडाला फेस तसाच ठेवून बाहेर यायचा, आणि मच्छिंद्र ओट्यावर बसून सगळ्यांना रामराम घालायचा! तीनदा झालं. चौथ्यांदा खरंच नळ आले. हा खरंच बोंबलला. एक माणूस बाहेर आला न्हाई. सगळी गल्ली आठ दिवस कोरडी, आणि शिव्या कुणाला? यालाच!

तर पैज ठरली. पोळा पाच-सहा दिवसांवर आलेला. नरहररावनं स्वतःच्या हातानं चेन साफ करून तेल मारायचं, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी हसनाबादपर्यंत जाऊन यायचं. चेन वाजली, निसटली, तुटली, किंवा मेकॅनिकनं हात लावला, तर नरहरराव हरले. हसनाबाद का, तर ते मच्छिंद्रचं गाव, तिथं त्याचा पुतण्या अंगद आहे, तो फोन करून साक्ष देणार.

"आन् हरणाऱ्यानं काय करायचं?" आदिनाथनं विचारलं. गिरणी त्याची, म्हणून पंचही तोच.

मच्छिंद्रनं डोळे मिटले. त्याला चित्रच दिसलं. इस्त्रीचा शर्ट, वर झूल, गळ्यात घुंगरमाळ!

"हरणाऱ्यानं पोळ्याच्या दिवशी बैल व्हायचं! झूल, घुंगरू, समदं! आन् आपली गाडी दोरीनं वढत हितून मारुतीच्या तोरणापस्तोर न्यायची!"

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. आदिनाथनं खडू घेतला आणि दळणाचे भाव लिहायच्या फळीवर, 'हळद दळून मिळणार नाही' याच्या खाली, सगळं लिहून काढलं. शेवटी मच्छिंद्रकडं एक नजर टाकून त्यानं अजून एक ओळ वाढवली: मच्छिंद्रनं नरहररावच्या गाडीला बोट जरी लावलं, तरी मच्छिंद्र हरला.

"हे काऊन?"

"तुझा काय भरोसा!"

"लिही, लिही," मच्छिंद्र हसत म्हणाला. "हात लावायची गरजच पडनार न्हाई."

रविवारी सकाळी नरहररावनं गाडी डबल स्टँडवर लावली. हातात वहिनीचे भांडी घासायचे रबरी मोजे, नाकाला रुमाल, डोक्याला टोपी. गाडीचं ऑपरेशन होतं का गाडीचा दहावा, काही कळेना! समोर खुर्चीवर मोबाईल उभा केलेला. मच्छिंद्रनं आपल्या ओट्यावर चटई टाकली, चहा मागवला आणि तिकीट काढल्यासारखा बसला.

साधा माणूस चेन जागेवरच ठेवतो. डिझेलचा बोळा फिरवतो, ब्रश मारतो, पुसतो, तेल सोडतो, चाक फिरवतो. झालं काम. पण नरहररावच्या व्हिडिओतला गडी हौशी निघाला. त्यानं चेनीचं लॉक उघडून अख्खी चेनच काढली आणि डिझेलात बुडवली. मंग नरहररावनंही काढली. अर्धा तास बुडवली, दातांच्या ब्रशानं एकेक कडी घासली, आणि निथळायला एका चाळणीवर टाकली.

ती चाळणी पुरणाची होती.

"अहो!!" तारावहिनींच्या त्या 'अहो'नं पत्र्यावरची कबुतरं उडाली. "तीन दिवसांवर पोळा! पुरण कशातून काढू आता? तुमच्या टोपीतून?"

"धुऊन देतो ना."

"डिझेल धुऊन जातं का? पाहुण्यांना काय सांगू, पोळीचा ॲव्हरेज चांगलाय म्हणून?"

मच्छिंद्र ओट्यावर आडवा पडून हसला. चहा नाकातून आला. गेल्या दहा वर्षांत असा रविवार त्याला मिळाला न्हवता.

मंग नरहररावनं चेन पुसली, चढवली आणि ते लॉक लावायला बसले. आणि मच्छिंद्रचं हसू एकदम थांबलं. उठून बसला. मान पुढं काढली.

चेनीची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकावर एक बारकी पत्र्याची क्लिप असते. मासोळीसारखी. एका अंगाला बंद तोंड, दुसऱ्या अंगाला फाटकी शेपूट. चेन ज्या दिशेला पळते, त्या दिशेला मासोळीचं तोंड पाहिजे. उलटी लावली की शेपूट पुढं. एखादा खडा लागला, काडी अडकली, की क्लिप उडते, लॉक निघतं, चेन सुटते. नशीब चांगलं असलं तर गाडी नुसती थांबते. न्हाई तर चेन मागच्या चाकात गुतते, आणि मंग गाडीवरची माणसं गाडीच्या पुढं जातात!

व्हिडिओतल्या गड्यानं लॉक खालच्या बाजूला आणून लावलं होतं. नरहररावनं ते वरच्या बाजूला लावलं, पण मासोळीचं तोंड व्हिडिओत होतं तिकडंच, मागं. खालची चेन मागं पळते, वरची पुढं. म्हंजी सूचना तंतोतंत पाळली आणि क्लिप तंतोतंत उलटी बसली!

मच्छिंद्र काय बोलला? काही न्हाई. तोंडात खडीसाखर धरल्यासारखा गप्प बसला. मनात म्हणाला, 'वाटेतल्या राजूरपस्तोर बी जात न्हाई ही. जाईल गाडी, थांबंल, आन् ढकलत आणंल.' त्यानं आतल्या आत झुलीचं मापही घेऊन टाकलं.

नरहररावनं ऑनलाईन मागवलेला तेलाचा फवारा मारला, चाक फिरवलं. आवाज बिलकुल न्हाई! त्यांनी चेनीचा फोटो काढला आणि स्टेटस ठेवलं: 'आपले काम आपणच करावे.'

मच्छिंद्रनं त्याला अंगठा पाठवला.

आता आबारावांचं सांगायला पाहिजे. मच्छिंद्रचे वडील. हसनाबादला शेती आणि दोन बैल, चांद्या आणि हौश्या, हेच त्यांचं जग. तीन वर्षांपूर्वी गुडघे गेले, शेत अंगद बघायला लागला, आणि मच्छिंद्रनं म्हाताऱ्याला जालन्याला आणलं. आणलं ते आणलं, आणि त्यांना न विचारता बैल अंगदलाच इकून टाकले. त्या पैशातून आपल्याला मोटारसायकल घेतली! "आबा, तुम्हाला गावाला न्यायला-आणायलाच घेतली," हे वर सांगितलं. ही त्याला त्या वेळी लई मजेची गोष्ट वाटली होती.

आबाराव त्या गाडीवर तीन वर्षांत एकदा बसले न्हाईत. "ती माह्या बैलांवर आलेली हाय," म्हणायचे. "बैलाच्या पाठीवर मी कधी बसलो न्हाई, आता काय बसतो!" दवाखान्यात पायी, देवळात पायी. गावाला तर तीन वर्षांत गेलेच न्हाईत. काळी-पिवळी जीपमधी बसलं की त्यांना उलट्या व्हायच्या.

सोमवारी संध्याकाळी गोपिकाबाईनं, म्हंजी मच्छिंद्रच्या बायकोनं, ताट वाढता वाढता सांगितलं, "आवं, आबा उद्या हसनाबादला चाल्ले."

"कशानं?"

"नरहरभाऊजींच्या गाडीवर. त्यांनीच इचारलं, तिथवर चाल्लोच हाय तर येता का म्हून. आबा तर दुपारपासून धोतर घडी घालून बसलेत. चांद्या-हौश्याचे खांदे मळायचेत म्हनं."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात, आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाया या' म्हणून त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात. वर्षभर जू वागवलेल्या खांद्यांचा तो मान. तीन वर्षं आबारावांचे हात रिकामे होते.

मच्छिंद्रनं हातातली भाकर ताटात ठेवली.

"आबा, नका जाऊ."

आबाराव वाटीत हळद कालवून बघत होते. "काऊन?"

"त्या गाडीच्या चेनीचं लॉक उलटं हाय. पडाल."

आबारावांनी त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. "नळ आले व्हय रे?" ते म्हणाले, आणि परत हळद कालवू लागले.

मच्छिंद्र तसाच उठून गिरणीवर गेला. मोठी गर्दी. सणाचं दळण. नरहररावही तिथंच, पिठाचा डबा धरून.

"नरहरराव, मजाक न्हाई. क्लिप उलटी हाय. जल्दी फिरवून घ्या!"

"अस्सं?" नरहरराव म्हणाले. "म्हणजे चेन पुन्हा उघडायची, मग तुम्ही म्हणणार मेकॅनिकला विचारलं, पैज हरलात! व्हिडिओत आहे तशीच लावलीय मी. अकरा वेळा बघितलाय."

"आहो व्हिडिओत खालून लावली, तुम्ही वरून! खालची चेन मागं पळती, वरची पुढं!"

"चेन एकच आहे ना? मग एकच चेन पुढं आणि मागं दोन्हीकडं कशी पळेल?"

मच्छिंद्रनं हात जोडले. आजूबाजूला बघितलं. गिरणीचा पट्टा फडफडत फिरून राह्यला होता. "हे बघा! हा पट्टा बघा! वरचा हिकडं..." त्यानं गळ्यातला रुमाल पट्ट्याच्या दिशेनं धरून दाखवला. "...आन् खालचा तिकडं..."

रुमाल गेला! गुर्रर्र करत पट्ट्यात गेला, चाकाला गुंडाळला, पट्टा उतरला, मोटार भों-भों करून बंद पडली, आणि गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी चुनगडीतून उडालेलं पीठ मच्छिंद्रवर अलगद येऊन बसलं.  गणपतीच्या कारखान्यात रंग द्यायचा राहिलेली मूर्ती असते ना, तसा तो उभा.

मंग जे हसू फुटलं!

"माझे सहा किलो गहू आतच राहिले!" तारावहिनी ओरडल्या. "आधी चाळणी गेली, आता पीठ गेलं! भावजी, पोळा आमच्या घरी नको व्हायला का तुम्हाला?"

"वहिनी, मी खरं सांगून राह्यलो."

"हे खरं सांगणं असेल तर खोटं किती स्वस्त पडतं!"

आदिनाथ पट्टा चढवता चढवता म्हणाला, "मच्छिंद्र, पैज हरायची येळ आली की मानसाला काय काय सुचतं! निघ हितून."

पोळ्याच्या आदल्या दिवशी नरहररावनं अर्धी रजा टाकली. एक वाजता निघायचं ठरलं. साडेबारा वाजता गाडी गल्लीत उभी. नरहरराव आत जेवत होते. आबाराव ओट्यावर तयार होऊन बसलेले. धोतर, टोपी, मांडीवर फडक्यात बांधलेली तूप-हळदीची वाटी. डोळे गाडीवर. तीन वर्षांत त्यांचा चेहरा असा दिसला न्हवता. मच्छिंद्रनं शेवटचं एकदा विचारून बघितलं.

"आबा, माह्या गाडीवर चला. पाया पडतो."

आबारावांनी तोंड फिरवलं आणि पाणी प्यायला आत गेले.

मच्छिंद्रनं फळीवरची खडूची ओळ आठवली. बोट जरी लावलं. मंग त्यानं खिशातून पक्कड काढली.

दोन मिनिटांचं काम. तो गाडीमागं उकिडवा बसला, क्लिपची शेपूट पक्कडीत धरून दाबली, क्लिप टणकन् निघाली, फिरवली, तोंड पुढं करून बसवली. खट्! हातावर चेनीचं काळं तेल. आठ वर्षांच्या गॅरेजात इतक्या नीट कुणाचं काम केलं न्हवतं त्यानं. उठणार, एवढ्यात तारावहिनी हात धुतलेलं पाणी फेकायला बाहेर आल्या.

"अहो! धावा! भावजी गाडीला काहीतरी करतायत!"

दोन मिनिटांत सगळी गल्ली! नळाला जमत न्हाई एवढी! आदिनाथ अंगावर पीठ घेऊन पळत आला. नरहरराव हातात अर्धी पोळी घेऊन आले.

"हात दाखव," आदिनाथ म्हणाला.

मच्छिंद्रनं दाखवले. दहा बोटांपैकी सात काळी.

"हरला!" आदिनाथनं जाहीर केलं. "बोट लावायचं न्हाई म्हणलं होतं, हितं अख्खा पंजा हाय! समदे साक्षीदार!"

पैज गेली हे मच्छिंद्रनं पक्कड उचलली तेव्हाच धरलं होतं. पण पुढचं धरलं न्हवतं. नरहररावनं वाकून चेन बघितली. खिशातून मोबाईल काढला, स्टेटसचा फोटो उघडला, फोटो बघितला, चेन बघितली.

"क्लिप फिरवलीय ह्यानं!" ते किंचाळले. "फोटोत बघा, तोंड मागं! आता पुढं! हलकट माणूस! आण ती पक्कड इकडं, होती तशी करतो."

आणि पक्कड घेऊन खाली बसले.

 'नका फिरवू' म्हणलं, तर फिरवणार. पाया पडलं, तर जोरात फिरवणार. आबाराव दारात येऊन उभे. वाटी हातात. पक्कड क्लिपला लागली.

इतक्या वर्षांत गल्लीनं त्याच्याबद्दल एकच गोष्ट पक्की शिकली होती. मच्छिंद्र म्हणतो त्याच्या उलटं करायचं.

त्यानं तोंडभर हसू आणलं.

"फिरवा!" तो टाळ्या वाजवत म्हणाला. "फिरवा, फिरवा, नरहरराव! मी वाटच बघून राह्यलो! जल्दी करा!"

नरहररावांचा हात थांबला.

"आजून जोरात दाबा! हां, बराबर तिथंच! आता मजा हाय!" मच्छिंद्र नाचायचाच बाकी राहिला. डोळे मिचकावले. मांडी थोपटली. आजवर केलेल्या सगळ्या थट्टांमधलं जेवढं दुष्ट हसू शिल्लक होतं, तेवढं सगळं त्यानं तिथं खर्च केलं.

"थांबा नरहरराव!" आदिनाथ म्हणाला. "हा फिरवा म्हणून राह्यला. म्हंजी यात मेख हाय."

नरहरराव विचारात पडले. "म्हणजे... ह्यानं मुद्दाम फिरवल्यासारखं केलं, आपल्याला दिसलं, आपण उलटी फिरवायची, आणि तेच ह्याला पाहिजे?"

"बिलकुल! हात लावू नका. हाय तशी ऱ्हाऊ द्या."

मच्छिंद्रनं पाय आपटले. "आरे, फिरवा ना! काय तुम्ही!"

"नाही फिरवत!" नरहरराव उठले. "चाक फिरवून बघा. आवाज नाही, अटकाव नाही. पैज तर जिंकलीच, पण मी हसनाबादला जाऊनच दाखवणार!"

मच्छिंद्र जिंकला होता. पण त्यानं तोंडावर हसू तसंच ठेवलं, कारण गाडी सुटेपर्यंत ते उतरवून चालणार न्हवतं.

त्या हसऱ्या तोंडापुढं आबाराव येऊन उभे राहिले.

"मच्छ्या," ते हळूच म्हणाले, "माह्या जिवावर बी मजाक करतो व्हय?"

सांगावं तर नरहरराव तिथंच, पक्कड तिथंच. मच्छिंद्र हसतच राहिला. गाल दुखायला लागले.

आबाराव नरहररावच्या मागं बसले. वाटी छातीशी धरली. गाडी गेली. गल्लीच्या तोंडापर्यंत चेनीचा आवाज आला न्हाई.

संध्याकाळपर्यंत मच्छिंद्र ओट्यावर बसून होता. गोपिकाबाई त्याच्याशी बोलली न्हाई. पाच वाजता अंगदचा फोन आला. गाडीनं कसलाच आवाज केला न्हाई, आबांनी बैलांचे खांदे मळले, हौश्यानं त्यांना ओळखलं, मानंला मान घासली. "काका, तुम्ही काय केलं म्हनं त्या गाडीला?" अंगदनं वर विचारलं. "आबा लई कोपलेत."

दिवस मावळायच्या आत गाडी परत आली. शांत. नरहरराव उतरले ते मिरवणुकीतून उतरल्यासारखे. "बघा! अकरा वेळा व्हिडिओ बघितल्याचं फळ! कुठं अटकली नाही, कुठं वाजली नाही."

आता बोलायला हरकत न्हवती. मच्छिंद्रनं सगळं सांगितलं. मासोळी, तोंड, शेपूट, 'फिरवा' का म्हणालो ते. गल्लीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"चांगली रचली," आदिनाथ म्हणाला.

"कोन्या बी मिस्तरीला विचारा!"

"मिस्तरी तुझेच दोस्त."

"मी फिरवली न्हसती तर चेन सुटली असती!"

"मग सुटली का?" नरहररावनं विचारलं.

"न्हाई, कारन मी फिरवली!"

"बघा, म्हणजे सुटली नाही."

झालंच न्हाई त्याचा पुरावा कुठून आणायचा? दोघं जण धडधाकट समोर उभे, हाच त्याच्या खरेपणाचा पुरावा, आणि हाच त्याच्या खोटेपणाचाही! मच्छिंद्रनं आबारावांकडं बघितलं. ते एक गाठोडं सोडत होते.

"मला चेनीतलं काय कळतं," ते म्हणाले. "मी बैलाचा मानूस." आणि गाठोड्यातून हौश्याची जुनी झूल काढून त्यांनी ओट्यावर पसरली. कडेला आरसे, चार निघालेले. सोबत घुंगरमाळ. "अंगदकडं पडून व्हती. मापानं बसंल."

पोळ्याच्या दिवशी दुपारी चार वाजता मच्छिंद्रनं पैज फेडली.

अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ, कपाळाला बाशिंग. बाशिंग तारावहिनींनी स्वतःच्या हातानं बांधलं, चाळणीची सगळी भडास गाठीत घालून. सगळी गल्ली, पलीकडची गल्ली, मोंढ्यातले दोन हमाल, एक ढोलकीवाला, सगळे मोबाईल काढून उभे. मच्छिंद्रच्या मोटारसायकलीच्या हँडलला दोरी बांधली. ती खांद्यावर घ्यायला तो वाकला, तेव्हा आबाराव म्हणाले, "थांब."

वाटीत कालचं तूप-हळद उरलं होतं. त्यांनी झूल जरा सरकवली आणि मच्छिंद्रचा खांदा मळला. अंगठ्यानं, दाबून, मानेपासून दंडापर्यंत. दोरी काचू नये म्हणून बैलाला करतात तसं. मच्छिंद्रला वाटलं, आता काहीतरी बोलतील. पण त्यांनी वाटी पुसून गोपिकाबाईकडं दिली.

"गाडीवर हँडल धरायला कोण बसतं?" आदिनाथनं विचारलं.

"मी," आबाराव म्हणाले.



"आबा," मच्छिंद्र म्हणाला, "ह्या गाडीवर?"

"आता बैल जुपलाय," आबाराव सीटवर बसत म्हणाले. "आता बसतो. चल, हां!"

मच्छिंद्रनं दोरी ओढली. गाडी हलली. आणि तिच्या पोटातून असा आवाज निघाला, कर्र-कुई, कर्र-कुई, कर्र-कुई, की ढोलकीवाल्यानं ढोलकी थांबवली! तीन वर्षांत मच्छिंद्रनं स्वतःच्या चेनीला तेलाचा थेंब दाखवला न्हवता. दुसऱ्याच्या गाड्यांना पिपाणी म्हणायच्या नादात राहूनच गेलं होतं. पुढं घुंगरं वाजायची, मागं चेन रडायची, आणि गल्ली दोन्ही बाजूंनी पोट धरून हसायची.

नरहरराव फवाऱ्याचा डबा घेऊन बाजूनं चालत होते. "मच्छिंद्रभाऊ, मारू का थोडा? उरलाय."

"मारा," मच्छिंद्र धापा टाकत म्हणाला.

"नको!" आदिनाथ ओरडला. "हा मारा म्हणून राह्यला! मेख असंल!"

आणि नरहररावनं डबा खाली घेतला.

मारुतीच्या तोरणाखाली गाडी थांबली. शेजारी खऱ्या बैलांच्या चार जोड्या उभ्या होत्या, त्यांनीही वळून बघितलं. गोपिकाबाईनं मच्छिंद्रपुढं सूप धरलं, सुपात पुरणाची पोळी. हात लावायचा न्हाई, तोंडानंच खायची. त्यानं मान खाली घातली. पोळीला डिझेलचा बारीकसा वास होता. तारावहिनींकडची होती.

बैलजोडी घेऊन आलेल्या एका शेतकऱ्यानं गाडीवरून उतरणाऱ्या आबारावांना हसत विचारलं, "आबा, बैल दांडगा हाय! देता का इकायला?"

 मच्छिंद्रनं पोळीतून डोळे वर केले.

आबारावांनी त्याच्याकडं शिंगापासून खुरापर्यंत बघितलं.

"इकला असता," ते म्हणाले. "पर इकून घ्यायचं काय? गाडी तर हायेच."

अख्खी गल्ली हसली. असं हसू मच्छिंद्रला पन्नास वर्षांत एकाही थट्टेला मिळालं न्हवतं. त्यालाही हसायचं होतं, पण तोंडात पोळी होती, म्हणून त्यानं नुसती मान हलवून घुंगरमाळ वाजवली.